मेणाने ट्युबिंग पुन्हा पुन्हा तुंबतंय? स्क्रॅपर बदलण्याआधी हे तपासा

तेलविहिरीच्या ट्युबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, वायरवर स्क्रॅपर (खरवडणारं पातं) सोडून कच्च्या तेलातलं मेण खरवडायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यात एक तक्रार इतक्यांदा ऐकली की समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत ओळखू येते: "परवाच खरवडली होती, पुन्हा बसली." पुढचा प्रश्नही ठरलेला, "स्क्रॅपर नवा आणू का?" आणा, हरकत नाही. पण बहुतेक वेळा खोट पात्यात नसते. आपण किती खोल खरवडतो, केव्हा खरवडतो आणि मुळात मेणच खरवडतोय का, यात असते.

हे सगळं आपोआप वाहणाऱ्या किंवा गॅस लिफ्टवर (गॅस आत सोडून तेल वर आणणाऱ्या पद्धतीवर) चालणाऱ्या विहिरींच्या ट्युबिंगबद्दल आहे. सकर रॉडच्या (ट्युबिंगमधल्या दांड्यांनी चालणाऱ्या) पंपावरच्या विहिरींचं शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

लक्षणं

उत्पादन एका दिवसात कोसळत नाही, रोज थोडं थोडं उतरतं. खरवडल्यावर दोन-चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तीच उतरण लागते. विहीर काही तास बंद ठेवून उघडली की त्रास जास्त होतो, कारण तेवढ्या वेळात ट्युबिंगमधलं तेल निवलेलं असतं. वायरच्या टोकाला लावलेलं अवजार, म्हणजे टूल, दर खेपेला आधीपेक्षा थोडं वरच अडतं. वर ओढताना वजनकाटा नेहमीपेक्षा जास्त ओढ दाखवतो, आणि बाहेर आलेल्या टूलच्या खाचांत बुटाच्या पॉलिशसारखा काळपट, चिकट लगदा भरलेला असतो.

यातलं एकच लक्षण असेल तर मेणाचं नाव घेण्याची घाई करू नका. तीन-चार एकत्र दिसली तर पुढे वाचा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड आहे का, हे माहीत नसेल तर दाबाच्या गेजची जोडणीसुद्धा सैल करायची नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि सेलरमध्ये (विहिरीच्या तोंडाभोवतीच्या हौदात) साचून राहतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. अंगावर चालू डिटेक्टर हवा, बरोबर दुसरा माणूस हवा. हे दोन्ही नसेल तर इथेच थांबा.

पहिली तपासणी: गेज खरं बोलतंय का

याला काही खर्च नाही, आणि म्हणूनच कोणी करत नाही. मेण ट्युबिंगमध्ये बसतं तसं गेजकडे जाणाऱ्या बारीक नळीतही बसतं. मग सुई तिथल्या तिथे खिळते आणि आपण जुना दाब रोज वहीत उतरवत राहतो. नीडल व्हॉल्व्ह बंद करा, गेजमधला दाब सोडा. सुई शून्यावर आली पाहिजे आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्यावर झटकन जागेवर गेली पाहिजे. ती रांगत रांगत वर चढत असेल तर आधी नळी साफ करा.

मग चोकच्या (प्रवाह आवळणाऱ्या अरुंद तोटीच्या) अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोन्ही दाब शेजारी शेजारी लिहा. चोक तोच ठेवून प्रवाह कमी झाला आणि ट्युबिंगच्या तोंडचा दाबही उतरला, तर अडथळा गेजच्या खाली आहे. प्रवाह कमी पण तोंडचा दाब चढलेला, तर अडथळा पुढे आहे. अशा वेळी पलीकडचा दाब पडलेला असेल तर चोक तुंबलाय, तोही चढलेला असेल तर फ्लोलाइन, म्हणजे विहिरीपासून पुढे तेल नेणारी नळी. फ्लोलाइन तुंबलेली असताना विहिरीत स्क्रॅपर फिरवणारे लोक मी पाहिलेत. त्यांत एकदा मीही होतो. दोन दिवस खरवडलं, टूल दर वेळी स्वच्छ वर आलं आणि आम्ही त्याचंच कौतुक करत बसलो.

दोन्ही दाब उतरले तरी मेणच, असंही नाही. पाण्याचं प्रमाण वाढलं तर ट्युबिंगमधला स्तंभ जड होतो आणि दाब तसाच उतरतो. गॅस लिफ्टवर गॅस कमी पडला तरीही तेच होतं. म्हणून एक नमुना काढून पाण्याचं प्रमाण बघा, गॅसचा आकडा बघा. दोन्ही पूर्वीसारखेच असतील तर पुढची पायरी.

दुसरी: वही काढा

टूल कुठे अडलं, ती खोली तारखेनिशी लिहिलेली असेल तर अर्धं निदान तिथेच होतं. मेण थराथराने वाढतं, त्यामुळे अडण्याची जागा सरकते. धातूची वस्तू सरकत नाही. तीन खेपांना टूल बरोबर त्याच मीटरवर अडत असेल तर ट्युबिंगची यादी काढून त्या खोलीवर काय बसवलंय ते बघा. निपल (टूल बसवायची अरुंद जागा) असेल, चेपलेली ट्युबिंग असेल किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह असेल.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथली चूक महाग पडते. विहिरीतला सेफ्टी व्हॉल्व्ह कंट्रोल लाइनमधल्या तेलाच्या दाबावर उघडा राहतो. तो दाब गळून कमी झाला की झडप मिटते. बसवलेला असतो वरच्या भागात, म्हणजे नेमका मेणाच्याच पट्ट्यात. अडलं की मेण समजून माणूस जार (टूलला हिसके देणारा भाग) मारायला लागतो आणि मिटलेल्या झडपेवर घाव बसतात. कंट्रोल लाइनचा दाब वाचायला एक मिनिट लागतं. झडप दुखावली तर विहिरीचा सगळ्यात महत्त्वाचा बंदोबस्त गेला आणि ती बदलण्याचं काम वेगळंच.

खोली दाखवणाऱ्या काउंटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मोजणारं चाक मेणाने बरबटलं की वायर त्यावरून घसरते आणि काउंटर खरं त्यापेक्षा कमी दाखवतो. चाक पुसा. शून्य कुठून धरलं तेही दर वेळी लिहा. एकाने वेलहेडपासून (विहिरीच्या तोंडापासून) मोजलं आणि दुसऱ्याने ड्रिलिंग रिगच्या फ्लोअरपासून, तर काही मीटरचा फरक पडतो आणि नसलेल्या अडथळ्याचं कोडं उभं राहतं.

तिसरी: वर आलेलं मेणच आहे ना

टूलवरचा लगदा पुसून फेकून देऊ नका. चमचाभर घेऊन विहिरीपासून लांब, उघड्या ज्योतीशिवाय, कडकडीत पाण्याच्या पेल्यात टाका. मेण असेल तर वितळून तेलासारखं वर तरंगेल आणि पाणी निवलं की त्याची चकती जमेल. वितळलंच नाही, काळं, चकचकीत आणि ठिसूळ राहिलं तर ॲस्फाल्टीन असण्याची शक्यता आहे. त्याला उष्णतेने फरक पडत नाही, झायलीन-टोल्युइनसारखं द्रावक लागतं. तळाशी कण बसले आणि बोटाला खरखरीत लागले तर वाळू किंवा क्षार. बहुतेक वेळा मिश्रणच निघतं. तेव्हा जास्त काय आहे ते बघायचं.

इथे एक मोह होतो: "थोडं ॲसिड टाकून बघू, फसफसलं तर चुना." करू नका. त्या लगद्यात लोखंडाचं सल्फाइड असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. शिवाय बेरियम सल्फेटचा क्षार त्या ॲसिडला दादच देत नाही, म्हणजे चाचणीने सगळं कळतं असंही नाही. ते प्रयोगशाळेचं काम.

बोटांनाही फरक कळतो. मेणात टूल रुतत जातं आणि वजन हळूहळू कमी होतं. वर उचलताना चिकटून सुटल्यासारखं वाटतं. धातूवर ठक्कन थांबतं. क्षारात करकर जाणवते आणि कटरच्या कडेवर ओरखडे येतात. शंका राहिलीच तर शिशाचा ठोकळा सोडून ठसा घ्या. मऊ मेण ठशात काही ठेवत नाही, मुडपलेल्या नळीची कड मात्र स्पष्ट उमटते.

जाता जाता एक गोष्ट. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ टायटसव्हिलच्या तेलक्षेत्रात गेला, तेव्हा कामगार पंपाच्या दांड्यांवर जमणाऱ्या याच चिकट घाणीला शिव्या देत होते आणि तीच कापल्या-भाजल्यावर लावतही होते. त्याने ती नेऊन शुद्ध केली आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तेच व्हॅसलीन. आपल्या वाट्याला अजून शिव्याच आहेत.

चौथी: टूल आणि वजन

आता पात्याकडे बघू. गेज कटरची (ठरावीक मापाच्या कापणाऱ्या टूलची) कड बोथट झाली आहे का, एका बाजूने दुमडली आहे का, प्रवाह जाण्याच्या खाचा मेणाने बुजल्या आहेत का? खाचा बुजलेला कटर म्हणजे पिस्टन. खाली जाताना मेण कापण्याऐवजी पुढे ढकलत नेतो आणि वर येताना डोक्यावर साचलेलं मेण ओढतो.

माप महत्त्वाचं आहे. नेहमीच्या २ ७/८ इंची, फुटाला साडेसहा पौंडांच्या ट्युबिंगचा आतला व्यास २.४४१ इंच आणि ड्रिफ्ट (आरपार जाण्याची खात्री असलेलं माप) २.३४७ इंच असतो. पहिल्याच खेपेला ड्रिफ्टच्या जवळचा कटर सोडणं म्हणजे अडकण्याचं आमंत्रण. आधी दोन इंचांच्या आतला, मग दोन इंचांचा, शेवटी २.३ च्या आसपासचा. उलट, शेवटचा मोठा कटर चालवलाच नाही तर भिंतीवर मेणाचं कडं राहतं. त्या खडबडीत कड्यावर नवं मेण लवकर धरतं. "परवाच खरवडली होती" या तक्रारीचं निम्मं उत्तर या राहिलेल्या कड्यात असतं. तारांचा ब्रश मऊ थरासाठी ठीक आहे, पण जुन्या, कडक झालेल्या थराला कटर किंवा चाकूच हवा.

टूल खाली जातच नसेल तर वजनाचा हिशेब करा. विहिरीचा दाब वायरला बाहेर ढकलत असतो. ०.१०८ इंच वायरचा छेद साधारण ०.००९२ चौरस इंच. तोंडाशी २००० पीएसआय असतील तर वरचा रेटा सुमारे १८ पौंड, शिवाय स्टफिंग बॉक्सचं (वायर आत जाते तिथल्या सीलचं) घर्षण. दीड इंची भरीव पोलादी स्टेम (टूलला वजनासाठी जोडलेला दांडा) फुटाला जवळपास ६ पौंड भरते. म्हणजे पाच फुटांच्या एका स्टेममधलं अर्ध्याहून जास्त वजन नुसता दाब खाऊन टाकतो. असं असताना "मेण फार कडक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. स्टेम वाढवा आणि स्टफिंग बॉक्सचं पॅकिंग उगाच आवळलेलं नाही ना ते बघा. स्टेम वाढली की लुब्रिकेटरची (टूल आत-बाहेर करताना ठेवायच्या, तोंडावर उभ्या नळीची) लांबीही पुन्हा मोजा. पूर्ण टूल स्ट्रिंग त्यात मावली नाही तर त्याखालचा स्वॅब व्हॉल्व्ह बंद करताना तो टूलवर मिटेल.

पाचवी: खरवडण्याची पद्धत

इथून पुढे वायरचं प्रशिक्षण नसलेल्याने नुसतं वाचावं, करू नये.

घास छोटे घ्यायचे. पाच-सात मीटर कापा, वर घ्या, प्रवाहाला कापलेलं मेण वाहून नेऊ द्या, मग पुढचा घास. म्हणून शक्य असेल तेव्हा चोक कमी करून विहीर वाहती ठेवतात. पूर्ण बंद विहिरीत कापलेलं मेण तिथेच राहतं आणि टूलच्या डोक्यावर बसतं. पूर्ण उघडी ठेवली तर प्रवाह टूललाच वर उडवतो. दोन्हींच्या मधली जागा हाताला सापडावी लागते, आणि ती विहिरीगणिक वेगळी असते.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे ट्युबिंग पूर्ण बुजलेली असणं. बोळ्याखाली गॅसचा दाब कोंडलेला आणि वर जवळपास काही नाही. कटर आरपार गेला की खालचा दाब टूलला गोळीसारखा वर फेकतो, वायर सैल पडते, तिची गुंतवळ होते आणि मग तुटते. वरचा दाब खालच्याच्या जवळ आणल्याशिवाय असा बोळा फोडायचा नाही. खालचा दाब किती आहे हे सांगता येत नसेल तर काम थांबवा.

वायरही तपासायची असते. रोप सॉकेटजवळच्या (वायर टूलला बांधतात त्या तुकड्याजवळच्या) भागाला सगळ्यात जास्त वाक आणि हिसके बसतात, म्हणून कामागणिक तिथले काही मीटर कापून नवी गाठ मारतात आणि कापलेल्या तुकड्याला पीळ देऊन तो किती पिळांत तुटतो ते बघतात. कमी पिळांत तुटला तर ती वायर त्या दिवशी विहिरीत जात नाही. स्वॅब व्हॉल्व्हचे फेरे मोजून उघडायचे आणि मोजूनच बंद करायचे. एक फेरा कमी पडला तर व्हॉल्व्ह बंद झाला असं वाटतं आणि तो वायरवर किंवा टूलवर अर्धाच टेकलेला असतो.

मग पुन्हा पुन्हा का बसतं

माझं म्हणणं या भागासाठी आहे. तेल वर येताना निवत जातं. एका ठरावीक तापमानाखाली त्यात मेणाचे कण दिसू लागतात आणि थंड भिंतीवर धरतात. हे ज्या खोलीपासून सुरू होतं ती खोली कायमची नसते. विहिरीचं उत्पादन घटलं की तेल ट्युबिंगमध्ये जास्त वेळ राहतं, जास्त निवतं आणि मेणाची सुरुवात आणखी खाली सरकते.

एका विहिरीत आम्ही दर आठवड्याला ६०० मीटरपर्यंत जात होतो, कारण आधीच्या माणसाच्या वहीत ६०० लिहिलं होतं. टूल ६०० ला मोकळं पोचायचं आणि आम्ही वहीत "ठीक" लिहून परतायचो. विहीर आठवड्याऐवजी चार दिवसांत बसायला लागली, मग तीन. शेवटी एकदा कंटाळून वायर तशीच सोडत गेलो, तर ७३० ला पहिला रुतवा लागला आणि कडं ८०० च्याही खाली होतं. दर आठवड्याला आम्ही वरचा दिवाणखाना झाडत होतो आणि कचरा तळघरातून येत होता.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: शेवटचा रुतवा लागल्यावर आणखी शंभर मीटर मोकळं जावं, तरच तळ सापडला म्हणायचं. तो तळ दर महिन्याला पुन्हा शोधायचा. उत्पादन घटलं असेल तर त्याआधीच.

दुसरं कारण वेळेचं. नवा थर मऊ असतो, त्यात तेल अडकलेलं असतं. दिवस जातात तसं तेल बाहेर पडतं, जड मेण राहतं आणि थर कडक होतो. म्हणून पंधरवड्यातून एकदा झुंजण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने कापणं वायरला आणि माणसालाही परवडतं. दाब उतरायची वाट न बघता तारीख ठरवा.

गरम तेल, द्रावक आणि रसायन

खरवडून भागत नसेल तर लोक गरम तेलाकडे वळतात. ते उष्णता वरच्याच भागात टाकून देतं. तळाचं कडं तसंच राहतं, आणि ट्युबिंगमधून खाली ढकललं तर वितळलेलं मेण छिद्रांपाशी, म्हणजे तेल आत यायच्या जागी, जाऊन गोठू शकतं. टाकीच्या तळाचं तेल गरम करून वापरलं तर आपणच विहिरीत मेण भरतो, कारण टाकीत मेण तळालाच बसलेलं असतं. पाणी तेलापेक्षा वजनाला दुपटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं, पण प्रत्येक खडकाला पाणी चालत नाही. आगीचा धोका तर आहेच. हे काम गरम तेलाच्या गाडीवरच्या प्रशिक्षित माणसांचं.

मेण धरू न देणारं रसायन चालतं, पण ते मेणाचे कण तयार होण्याआधी, म्हणजे त्या खोलीच्या खालूनच, तेलात मिसळलं पाहिजे. वेलहेडवर टाकलं तर त्याचा उपयोग फ्लोलाइनला होईल, ट्युबिंगला नाही.

रॉड पंपाच्या विहिरी

ट्युबिंगमध्ये रॉड असल्याने वायरचा स्क्रॅपर जात नाही, खरवडण्या रॉडवरच बसवलेल्या असतात. खाली येताना रॉडवर आवळलेला क्लॅम्प कॅरियर बारपासून (रॉड उचलणाऱ्या पट्टीपासून) सुटलेला दिसला, म्हणजे रॉड मेणात तरंगल्यासारखे हळू उतरतायत, तर पंप आणखी वेगाने चालवू नका. रॉड तुटतील. रिग बोलवा. केसिंग (ट्युबिंगबाहेरची मोठी नळी) खरवडणाऱ्या स्क्रॅपरचंही तसंच आहे. पॅकर (ट्युबिंग आणि केसिंगमधली फट बंद करणारं साधन) बसवण्याआधी केसिंगची भिंत साफ करायला तो स्प्रिंगवर दाबलेल्या पात्यांनिशी पाइपला लावून उतरवतात, आणि ते वर्कओव्हर रिगचं काम आहे.

कधी थांबायचं

टूल त्याच जागी तीनदा ठक्कन अडलं तर. नमुना मेण नाही असं दिसलं तर. जार मारूनही टूल सुटत नसेल आणि ओढ वायरच्या ठरवलेल्या मर्यादेजवळ गेली असेल तर. सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल किंवा कोंडलेल्या दाबाबद्दल खात्री नसेल तर. कटरच्या एकाच बाजूला ओरखडे येत असतील तर, कारण ती चेपलेल्या ट्युबिंगची खूण असते.

वायर आत तुटलीच तर लगेच दुसरी सोडून "बघू" म्हणू नका. वरची वायर आत गोळा होऊन बसलेली असते आणि प्रत्येक चुकीच्या खेपेला तो गोळा घट्ट होतो. फिशिंगवाल्याला (आत अडकलेलं टूल काढणाऱ्याला) किंवा कॉइल ट्युबिंगवाल्याला (गुंडाळीवरची नळी आत सोडणाऱ्याला) बोलवा आणि तो येईपर्यंत कागदावर एवढं तयार ठेवा: टूल स्ट्रिंगचा प्रत्येक तुकडा वरून खाली क्रमाने, त्याची लांबी आणि बाहेरचा व्यास, फिशिंग नेकचं (टूल पकडायच्या मानेचं) माप, वायरची जाडी, आत किती मीटर राहिली, तुटताना काउंटर आणि वजनकाटा काय दाखवत होते, आणि कटरने शेवटचं काय वर आणलं होतं.